वाचकांचे प्रश्न : ऊतींचा अभ्यास आणि झाव्हिए बिशा

गेल्या अंकात मानवी शरीरातील ऊतींविषयी, म्हणजे टिश्यूंविषयी, लिहिताना मी झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाचा उल्लेख अवघ्या दोन ओळींत केला होता. ऊतिविज्ञानाचे जनक मानल्या गेलेल्या या माणसाने सूक्ष्मदर्शकाचा आधार घेतला नाही, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका करते. आम्हाला ऊतींच्या पहिल्याच तासाला सूक्ष्मदर्शकासमोर बसवतात. मग ज्याने सूक्ष्मदर्शकच वापरला नाही त्याला या विषयाचा जनक कसे म्हणायचे? त्याने ऊती पाहिल्या तरी कशा? — एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी बिशा यांची जडणघडण थोडी सांगावी लागेल. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १७७१ रोजी पूर्व फ्रान्समधील त्वारेत या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. लिआँ शहरात शरीररचना आणि शल्यचिकित्सा शिकत असताना फ्रेंच राज्यक्रांतीची धामधूम सुरू झाली, लिआँला वेढा पडला आणि बिशा अखेर पॅरिसला आले. तेथील ओतेल-दिय या जुन्या, मोठ्या रुग्णालयात पिएर-जोसेफ देसो हे नामवंत शल्यचिकित्सक शिकवीत असत. आदल्या दिवशीच्या व्याख्यानाचा सारांश एका विद्यार्थ्याने सर्वांसमोर सांगायचा, असा त्यांच्या वर्गाचा रिवाज होता. एके दिवशी नेमलेला विद्यार्थी गैरहजर राहिला, तेव्हा बिशा पुढे झाले आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, म्हणजे कॉलरबोनच्या, अस्थिभंगावरील व्याख्यान त्यांनी इतक्या नेमकेपणाने मांडले की देसो यांनी या मुलाला आपल्या घरीच ठेवून घेतले. १७९५ मध्ये देसो अचानक वारले. गुरूंचे विखुरलेले लेखन संपादित करून प्रसिद्ध करण्याचे काम बिशा यांनी अंगावर घेतले, आणि १७९७ पासून ते स्वतः शरीररचनेचे वर्ग घेऊ लागले. १८०० मध्ये त्यांचा शरीरातील पटलांवरील, म्हणजे पातळ पडद्यांवरील, ग्रंथ आणि जीवन व मृत्यू यांविषयीचा ग्रंथ लोकांसमोर आला, तर १८०१ मध्ये सामान्य शरीररचनेवरील चार खंड. त्या वेळी त्यांचे वय तीसही नव्हते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. बिशा यांनी ऊती ओळखल्या त्या हाताने, सुरीने, उकळत्या पाण्याने आणि आम्लांनी. शरीराच्या निरनिराळ्या भागांतून त्यांनी नमुने घेतले आणि प्रत्येक नमुन्यावर त्याच त्या कसोट्या लावल्या : वाळवून पाहणे, उकळून पाहणे, पाण्यात दीर्घकाळ भिजत ठेवणे, कुजू देणे, आम्लात आणि अल्कलीत टाकून काय होते ते नोंदवणे. एखादा भाग चटकन विरघळतो का, आधी आक्रसतो आणि मग मऊ होतो का, त्याचे थर सुटे होतात का, ओढला तर ताणतो की तुटतो, असे प्रश्न ते प्रत्येक नमुन्याला विचारीत. ज्या नमुन्यांची उत्तरे सारखी येत ते एका जातीचे, मग ते पायातून घेतलेले असोत वा मानेतून.

ही पद्धत आपल्या स्वयंपाकघरातही पडताळता येते. बकऱ्याच्या पायांचा रस्सा ज्यांनी केला असेल त्यांना ठाऊक आहे की हाडाला चिकटलेली पांढरी कंडरा उकळीला लागताच आधी आखडते आणि कडक होते, पुष्कळ वेळ शिजल्यावर मात्र मऊ, चिकट होऊन रस्सा दाट करते. मांसाचे तसे होत नाही. कितीही शिजवले तरी त्याचे तंतू तंतूच राहतात. कूर्चेची, म्हणजे कार्टिलेजची, गत आणखी वेगळी. बिशा यांच्याजवळ भिंग नव्हते असे नव्हे, पण पदार्थाचा स्वभाव कळण्यासाठी अशा कसोट्या त्यांना अधिक भरवशाच्या वाटल्या.

त्यांचा सूक्ष्मदर्शकावरील अविश्वास हा हेकटपणा नव्हता, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो, कारण पाठ्यपुस्तकांतून त्याकडे बहुधा नवलाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. त्या काळच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकात वस्तूच्या कडेला इंद्रधनुषी झालर दिसे, प्रतिमा कडेला धूसर होई आणि जेथे काहीच नाही तेथे गोल गोल कण दिसत. अंधुक प्रकाशात पाहू गेल्यास प्रत्येकाला आपापल्या परीने दिसते, अशा आशयाचे मत बिशा यांनी नोंदवले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १८२७ मध्ये, जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी सुधारलेली भिंगे वापरून थॉमस हॉजकिन यांच्यासमवेत ऊतींची तपासणी प्रसिद्ध केली. शरीर सर्वत्र गोल कणांचेच बनलेले आहे असे जे अनेकांनी पाहिले होते ते बरेचसे भिंगाच्या दोषातून उपजले होते, हे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणजे बिशा यांची सावधगिरी त्यांच्या काळापुरती योग्य होती.

त्यांना जनक म्हणण्याचे कारण मात्र या कसोट्यांहून मोठे आहे. त्यांच्या आधीचे वैद्यक अवयवांच्या भाषेत बोलत असे. हृदयाचा रोग, यकृताचा रोग, आतड्याचा रोग, अशी ती भाषा होती. फिलिप पिनेल या फ्रेंच वैद्यांनी १७९८ मधील आपल्या ग्रंथात दाहाचे प्रकार पटलांनुसार लावले होते, आणि बिशा यांनी त्या सूत्रावरून पुढे जाऊन असे विचारले की मेंदूभोवतीचे, फुप्फुसाभोवतीचे, हृदयाभोवतीचे आणि पोटातील आतड्यांवरचे पातळ, ओलसर, चकचकीत आवरण हे जर एकाच जातीचे असेल, तर त्यांचे आजारही सारखेच असायला नकोत काय? शवांत त्यांना तसेच आढळले. आजही क्षयरोग कुणाच्या छातीत पाणी करतो, कुणाच्या पोटात, कुणाच्या हृदयाच्या आवरणात, आणि तिन्ही ठिकाणी ज्या भागाला बाधा झालेली असते तो एकाच जातीचा पडदा असतो. याच्या उलट, एकाच हृदयात बाहेरचे आवरण सुजलेले आणि आतला स्नायू निरोगी, किंवा आतले अस्तर बिघडलेले आणि आवरण स्वच्छ, असेही घडते. पेरिकार्डायटिस (आवरणाचा दाह), मायोकार्डायटिस (स्नायूचा दाह) आणि एंडोकार्डायटिस (आतल्या अस्तराचा दाह) ही तीन निदाने वेगळी का लिहावी लागतात, याचे मूळ येथे आहे.

आपल्या तासाला काचपट्टीवरून ऊती ओळखायला शिकवतात, ते आवश्यकच आहे. परंतु अवयव सोडून ऊतीकडे पाहायचे असते, हे आधी कोणीतरी ठरवावे लागले होते.

प्रश्न : आपल्या सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची पद्धत आहे आणि आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र असे सप्तधातू सांगितले आहेत. मग ऊतींचा शोध अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लागला असे म्हणणे हा आपल्या पूर्वसूरींवर अन्याय नाही काय? — एक निवृत्त संस्कृत शिक्षक, वाई

उत्तर : आपण दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी असल्यामुळे मी त्या सुट्या करतो.

पद्धतीच्या बाबतीत आपले म्हणणे अगदी योग्य आहे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सुश्रुतांनी सांगितले आहे की विषाने वा दीर्घ रोगाने न मेलेल्या, फार वृद्ध नसलेल्या व्यक्तीचे शव आतड्यांतील मळ काढून, मुंज, वल्कल, कुश किंवा ताग यांनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवावे आणि सात रात्रींनंतर ते नीट कुजले की वाळा, केस, बांबू अशांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे सर्व भाग डोळ्यांनी पाहावेत. पाण्यात भिजवून थर सुटे करण्याची ही रीत बिशा यांच्या प्रयोगशाळेतील रीतीच्या इतकी जवळ आहे की मला त्याचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. त्वचेचे सात थर सुश्रुतांनी नावांनिशी दिले आहेत, ते अशा निरीक्षणाशिवाय सुचणारे नाहीत.

सप्तधातूंविषयी मात्र मला आपल्याशी सहमत होता येत नाही. धातूंची कल्पना प्रामुख्याने पोषणाची आहे. अन्नापासून रस, रसापासून रक्त, रक्तापासून मांस, असा एकातून दुसरा घडत जाण्याचा क्रम तीत आहे आणि देहाचे धारण कशाने होते हा तिचा प्रश्न आहे. ऊतीची कल्पना रचनेची आहे. अमुक जागी कोणत्या जातीचे द्रव्य आहे आणि तेच द्रव्य आणखी कोठे कोठे आढळते, हे ती विचारते. दोन्हींना एकच म्हटल्याने दोन्हींचे वैशिष्ट्य पुसले जाते.

तुलनाच करायची तर मी धातूंऐवजी कलांकडे बोट दाखवीन. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सुश्रुतांनी धातू आणि आशय, म्हणजे पोकळ अवयव, यांच्या मर्यादेवर असणाऱ्या सात कला, म्हणजे पडदे, वर्णिल्या आहेत. त्यांतील श्लेष्मधरा कला ही सर्व सांध्यांत असते आणि वंगण दिलेल्या आसावर चाक जसे सहज फिरते तसे सांधे तिच्यामुळे फिरतात, असे तेथे म्हटले आहे. एकाच जातीचा पडदा शरीरातील सर्व सांध्यांत आहे, हे विधान बिशा यांच्या पटलांवरील ग्रंथाशेजारी निःसंकोच ठेवता येईल. बिशा यांच्या यादीतही सांध्यांच्या ओलसर पटलाला स्वतंत्र स्थान आहे. हे एकाने दुसऱ्याकडून घेतले असे समजण्याचे मुळीच कारण नाही. धीराने शव उघडून पाहणाऱ्या दोन परंपरांना तेच दिसले. आपल्याकडे ही परंपरा पुढे खंडित झाली, हे मला अन्यायापेक्षा हानी म्हणून अधिक बोचते.

प्रश्न : नववीच्या पुस्तकात प्राण्यांच्या ऊतींचे चार प्रकार दिले आहेत. बिशा यांनी एकवीस प्रकार सांगितले असे वाचनात आले. मुलांना काय सांगावे? एकवीस चुकीचे होते का? — विज्ञान शिक्षक, तासगाव तालुका

उत्तर : बिशा यांनी एकवीस ऊती सांगितल्या हे खरे आहे. त्यांच्या यादीत शरीरभर पसरलेली पेशीजालासारखी मऊ ऊती, दोन प्रकारच्या चेता ऊती, दोन प्रकारच्या स्नायू ऊती, रोहिणी, नीला, अस्थी, मज्जा, कूर्चा, तंतुमय ऊती, श्लेष्मल पटल, ओलसर आवरणांचे पटल, सांध्यांचे पटल, ग्रंथी, त्वचा, बाह्यत्वचा, केस इत्यादी होते. आज आपण अभिस्तर (पृष्ठभाग झाकणारी), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता असे चारच मूळ प्रकार मानतो, पण त्यामुळे बिशा यांची मोजणी फसली असे म्हणता येणार नाही. ते डोळ्यांना आणि हाताला जाणवणाऱ्या गुणांवरून वर्गीकरण करीत होते, आणि त्या पातळीवर अस्थी आणि कूर्चा या वेगळ्याच वस्तू आहेत. पेशी आणि तिच्याभोवतालचे द्रव्य पाहता आल्यावर अस्थी, कूर्चा, तंतुमय ऊती आणि मेद यांचे नाते उघड झाले आणि ती सर्व संयोजी ऊती या एका छत्राखाली आली. रोहिणी आणि नीला तर स्वतंत्र ऊती नाहीतच. त्यांच्या भिंतीत अभिस्तर, स्नायू आणि संयोजी अशा तिन्ही ऊती असतात. येथे बिशा एक पायरी अलीकडे थांबले होते.

मुलांना कालक्रम सांगितला तर त्यांना तो आवडेल असा माझा अनुभव आहे. मार्सेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा पाहण्याचे साधन होते पण दिसलेल्या गोष्टी मांडायला चौकट नव्हती. बिशा यांनी ती चौकट दिली, पण साधन नाकारले. १८१९ मध्ये आउगुस्ट मायर या जर्मन शास्त्रज्ञांनी या अभ्यासाला हिस्टॉलॉजी हे नाव दिले. म्हणजे ज्या विषयाचे जनकत्व बिशा यांच्याकडे जाते, त्याचे नावही त्यांच्या कानी पडले नव्हते. श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींसाठी आणि श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांसाठी पेशी हा पाया मांडला. १८५८ मध्ये रुडोल्फ फिर्खो यांनी रोगाचे ठिकाण ऊतीवरूनही खाली, पेशीपर्यंत नेले. अवयव, ऊती, पेशी असा हा उतरता क्रम आहे, आणि त्यातील मधली पायरी बिशा यांची.

एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. रसायनशास्त्राला जशी आपली मूलद्रव्ये आहेत तशा शरीररचनाशास्त्राला आपल्या साध्या ऊती आहेत आणि त्यांच्या संयोगातून अवयव घडतात, अशी मांडणी बिशा यांनी स्वतः केली आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए यांची मूलद्रव्यांची यादी १७८९ मध्ये पॅरिसमध्येच प्रसिद्ध झाली होती, आणि एकवीस ऊतींच्या यादीमागे त्या काळच्या रसायनशास्त्राचा हा आत्मविश्वास उभा आहे. लाव्हॉझिए यांच्या यादीतील प्रकाश आणि उष्णता आज मूलद्रव्यांत नाहीत, म्हणून कोणी ती यादी वाया गेली असे म्हणत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला अनेक वर्षांपासून मावा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाण्याची सवय आहे. आता त्याचे तोंड नीट उघडत नाही आणि तिखट लागले की आग होते. डॉक्टरांनी गालाच्या आतून तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालात ऊतींची नावे आहेत, त्यांचा अर्थ लागत नाही, आणि तुकडा काढल्यामुळे रोग पसरतो असे घरातील वडीलधारे म्हणतात. — एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : आपले पत्र वाचून काळजी वाटली, म्हणून आधी महत्त्वाचे सांगतो : भावाचा मावा आजपासून पूर्ण बंद व्हायला हवा. तुकडा काढल्याने रोग पसरेल ही भीती मनातून काढून टाकावी. योग्य रीतीने केलेली ही तपासणी सुरक्षित असते, आणि ती टाळल्याने निदान लांबते हा खरा धोका आहे.

आपण वर्णन केलेली लक्षणे सबम्यूकस फायब्रोसिस या विकारात आढळतात. डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतातील रुग्णांच्या आधारे त्याला हे नाव दिले. सुपारी हे त्याचे मुख्य कारण आहे, आणि माव्यात, गुटख्यात सुपारीच प्रामुख्याने असते. तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही, हे आपल्या भागात अजून पुरेसे पोचलेले नाही.

अहवालातील शब्द असे वाचावेत. गालाचे आतले अस्तर दोन थरांचे असते. वर अनेक पदरी चपट्या पेशींचे अभिस्तर, ज्याला अहवालात स्क्वॅमस एपिथेलियम म्हटलेले असेल, आणि त्याखाली रक्तवाहिन्या व तंतू असलेली संयोजी ऊती, म्हणजे कनेक्टिव्ह टिश्यू. या विकारात वरचा थर पातळ होत जातो, तर खालच्या थरात कोलॅजनचे तंतू दाट साचतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि मऊ अस्तराच्या जागी ताठ पट्टे तयार होतात, म्हणून तोंड उघडत नाही. जबड्याचा सांधा किंवा दात यांचा यात दोष नसतो. बिशा यांनी मांडलेले सूत्र, की अवयव तोच असला तरी रोग त्यातील एका ऊतीत असतो, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही.

वरच्या अभिस्तराविषयी अहवालात डिस्प्लेजिया हा शब्द आहे की नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पेशींची ठेवण बिघडू लागल्याचे तो शब्द सांगतो. हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकत असल्याने तो असो वा नसो, भावाची ठरावीक अंतराने तपासणी होत राहिली पाहिजे.

अहवालाला काही दिवस का लागतात, असेही आपण विचारले आहे. काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवून टिकवावा लागतो, मग अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेत त्यातील पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन मेणात बसवतात, मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर साधारण तीन ते पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप घेतात आणि ते हिमॅटोक्सिलीन व इओसिन या रंगांनी रंगवतात. त्यामुळे पेशींची केंद्रके निळसर जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. नमुना हाडाचा असेल तर त्यातील चुना काढण्यात आणखी वेळ जातो. मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असल्यास त्या मागता येतात, पुन्हा तुकडा काढण्याची गरज सहसा पडत नाही.

प्रश्न : बिशा यांनी शेकडो शवे उघडली असे वाचले. एवढी शवे कोठून मिळाली, आणि त्या माणसांची संमती होती का? माझ्या वडिलांची देहदानाची इच्छा आहे, म्हणून हे विचारते. — एक वाचक, कराड

उत्तर : आपला प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून बिशा यांच्याविषयी लिहिणे अपुरे ठरेल. एका हिवाळ्यात, सहा महिन्यांहून कमी काळात, त्यांनी सहाशेहून अधिक शवे उघडली असे त्यांचे समकालीन सांगतात. ही शवे मुख्यतः पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयांत मरण पावलेल्या गरीब रुग्णांची होती, ज्यांना न्यायला कोणी येत नसे. याशिवाय १७९८-९९ च्या हिवाळ्यात गिलोटिनखाली मारल्या गेलेल्यांच्या देहांवर मृत्यूनंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत प्रयोग करण्याची परवानगी त्यांना मिळाली होती, आणि हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. संमतीचा विचार त्या काळी कोणी केला नाही. वर्षानुवर्षे रुग्णशय्येशेजारी लक्षणे टिपली तरी सारे धूसरच राहते आणि काही शवे उघडली की तो अंधार सरतो, असे बिशा विद्यार्थ्यांना सांगत. त्यात तथ्य होते, पण त्या ज्ञानाचे मोल ज्यांनी दिले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. मिरजेत विच्छेदनगृहात शिकवत असताना दरवर्षी पहिल्या तासाला मी हे विद्यार्थ्यांना सांगत असे, आणि आजही ते सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात या बाबतीत १९४९ चा शरीररचना अधिनियम लागू आहे. बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद त्यात आहे, आणि स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांमुळे अलीकडे हे शिक्षण अधिक सन्मानाने होऊ लागले आहे. आपल्या वडिलांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाकडे इच्छापत्राचा अर्ज भरून द्यावा आणि घरातील सर्वांना त्याची कल्पना द्यावी, कारण प्रत्यक्ष वेळी नातेवाईकांचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. शवविच्छेदन झालेला किंवा पोलीस तपासाशी संबंधित देह, तसेच काही संसर्गजन्य आजार असलेल्या व्यक्तीचा देह स्वीकारला जात नाही. नेत्रदान केल्यानंतरही साधारणपणे देहदान करता येते. दोन्हींसाठी वेळ फार थोडा असतो, म्हणून विभागाचा दूरध्वनी क्रमांक घरात ठळक जागी लिहून ठेवावा.

प्रश्न : बिशा तिशीतच गेले असे वाचले. कशाने? त्यांच्या नावाचे आज काय उरले आहे? — एक वाचक, सांगली

उत्तर : ८ जुलै १८०२ रोजी ओतेल-दियच्या जिन्यावरून ते पडले आणि बेशुद्ध झाले. त्याआधी ते कुजत ठेवलेल्या त्वचेच्या नमुन्यांवर काम करीत होते. नंतर ताप चढत गेला आणि २२ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. अखेरच्या दिवसांत देसो यांच्या पत्नीने त्यांची शुश्रूषा केली. इतक्या थोड्या काळात इतके काम इतक्या चांगल्या रीतीने दुसऱ्या कोणी केले नाही, असे फ्रेंच वैद्य कॉर्विसार यांनी नेपोलियनला कळवले, आणि नेपोलियनने देसो व बिशा या गुरुशिष्यांचे एकत्र स्मारक ओतेल-दियमध्ये करण्याचा आदेश दिला. वर्णनात्मक शरीररचनेवरील त्यांचे अपुरे राहिलेले खंड विद्यार्थ्यांनी पूर्ण केले. पॅरिसमधील एका रुग्णालयाला त्यांचे नाव आहे आणि आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या बहात्तर नावांतही ते आहे.

शल्यचिकित्सकांच्या तोंडी मात्र त्यांचे नाव आणखी एका कारणाने येते. गालाच्या आत, चावण्याच्या स्नायूच्या पुढे, मेदाची एक गादी असते, आणि तान्ह्या बाळाचे गाल तिच्यामुळे गुबगुबीत दिसतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइस्टर यांनी १७३२ मध्ये तिचे वर्णन केले तेव्हा ती ग्रंथी समजली गेली होती. ती ग्रंथी नसून मेद आहे हे बिशा यांनी ओळखले, म्हणून तिला बिशा यांची मेदगादी म्हणतात. वर इस्लामपूरच्या वाचकांनी ज्या विकाराविषयी विचारले आहे, त्यात तोंड फारच कमी उघडत असेल तर शस्त्रक्रियेने ताठ पट्टे कापतात, आणि उघड्या पडलेल्या जागेवर पुष्कळदा हीच मेदगादी ओढून बसवतात.